मंदूबच्या नंबरचा रकाना

मस्कतमधल्या आमच्या मराठी मंडळींची यादी सहा वर्षं माझ्याकडे होती. तीसेक कुटुंबं, पाच रकाने. नाव, रहिवासी कार्ड कधी संपतं, पासपोर्ट कधी संपतो, नोकरी कुठे, आणि शेवटचा रकाना कंपनीच्या मंदूबच्या फोन नंबरचा. मंदूब म्हणजे कंपनीची सरकारी कामं करणारा ओमानी माणूस. कार्डाचं नूतनीकरण त्याच्याच हातात असतं. त्याला चार वेळा आठवण केल्याशिवाय ते होत नाही, आणि आपला माणूस गावी गेलेला असला की आठवण दुसऱ्या कुणाला तरी करावी लागते. म्हणून तो रकाना.

यादी मी हौसेनं केलेली नव्हती. आमच्यातल्या एका बाईला आईच्या अंत्यविधीला जाताना विमानतळावर अडवलं होतं. कार्ड संपून गेलेलं आणि घरात कुणाच्या ध्यानात नाही. त्या आठवड्यात मी सगळ्यांना फोन करून तारखा मागवल्या आणि ऑनलाइन शीट केली. ज्याला लागेल त्यानं उघडावी म्हणून ती सगळ्यांना खुली ठेवली. तारखेच्या दोन महिने आधी माझा मेसेज जायचा. मंडळाचे गणपती, सहली, गाड्यांची वाटणी हेही माझ्याकडेच होतं. नवरा वाळवंटात तेलाच्या कामावर, तीन आठवडे तिकडे आणि तीन आठवडे घरी. त्यामुळे ऑफिसनंतर मला वेळ असायचा आणि अव्यवस्था बघवत नव्हती.

जे झालं ते एका सहलीच्या निमित्तानं झालं, आणि त्याची सुरुवात माझ्या गाड्यांच्या वाटणीतून झाली.

शुक्रवारी दोन-अडीच तासांवरच्या सहम गावी एका शेतावर जायचं ठरलं होतं. वाटणी मी मंगळवारी लावली. आमच्यातले एक गृहस्थ पाइपलाइनच्या कंपनीत मोठे इंजिनिअर आहेत, त्यांना सगळे साहेब म्हणतात. त्यांची सात जणांची गाडी. तीत ते, त्यांच्या बायको, मी, आणि मत्रहच्या सूकमधल्या, म्हणजे जुन्या बाजारातल्या, भांड्यांच्या दुकानात गोदाम सांभाळणारे भाई व त्यांची बायको. भाई रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान, खाडीकाठच्या गावातले. दुकानात मला मराठी बोलताना ऐकून त्यांनीच विचारलं होतं, “ताई, तुमचा मंडल हाय म्हनं, आमाला घेशाल काय?” तेव्हापासून मंडळाच्या प्रत्येक जेवणाची ताटं-पातेली त्यांच्या ओळखीवर यायची.

बुधवारी बातमी आली. दूरच्या एका गोऱ्या देशात कुणी एक जण बाजारात शिरला आणि भाजी घेणाऱ्या लोकांवर बंदूक चालवत सुटला. आधी त्यानं इंटरनेटवर लांबलचक लिहून ठेवलं होतं की बाहेरून आलेले लोक आपला देश गिळतायत. मेलेल्यांत बरेचसे बाहेरून आलेलेच होते. साहेबांची मुलगी त्याच देशात शिकते, त्या गावापासून बरीच लांब. रात्रभर ग्रुपवर तिची चौकशी चालली. ती ठीक होती. तिथपर्यंत सगळे माणसासारखे वागत होते.

गुरुवारी साहेबांनी ग्रुपवर लिहिलं, “कृती चूक, पण मुद्दा चुकीचा नाही.” त्यावर खूप जणांनी अंगठे दाखवले. भाईंनी दाखवला नाही. मी ते पाहिलं आणि गाड्यांची वाटणी बदलली नाही. लावलेली यादी मी मोडत नाही, हा माझा नियम. त्या दिवशी तो मोडायला हवा होता.

शुक्रवारी सकाळी सात वाजता, आम्ही राहतो त्या अल अमेरातहून निघालो. डोंगर उतरून मोठ्या रस्त्याला लागलो. मग साहेबांनीच त्या गोळीबाराचा विषय काढला, जणू आम्ही विचारलं होतं.

“आता बघा, शंभर टक्के वाईट झालं. पण त्या लोकांना राग का येतो, हे कुणी बघतच नाही. कुणीही उठतो, बॉर्डर ओलांडतो, मागून दहा जणांना बोलावतो. आमच्या पोरी परीक्षा देऊन, फी भरून जातात. आणि शेवटी तिकडचे लोक सगळ्यांना एकाच रांगेत उभं करतात.”

मागच्या सीटवरून भाई म्हणाले, “त्या बाजारात मेली ती बाय टमाटे घेत व्हती, साहेब. तिनं पन फी भरली असंल.”

“मी तिच्याबद्दल बोललोच नाही.”

“गोली मारली त्यानं विसा बघितलान काय कुनाचा?”

“तुम्ही इमोशनल होताय, भाई. मी पॉलिसी बोलतोय. दरवाजा कुणासाठी उघडायचा हे घरमालक ठरवणार. बरोबर ना, वहिनी?”

वहिनी म्हणजे मी. मी म्हणाले, “तुम्ही रस्त्याकडे बघा, पुढे वेगाचं रडार आहे.”

साहेब हसले. आरशातून मागे बघत म्हणाले, “आणि खरं सांगू का? तुमच्यातले लोक असं काही करतात तेव्हा तुम्ही मागच्या सीटवरून काही बोलत नाही.”

भाईंच्या बायकोनं ओढणी सारखी केली. साहेबांच्या बायको म्हणाल्या, “अहो, पुरे.”

“माज्यातले म्हंजे कोन?” भाईंचा आवाज चढला नव्हता. “माजा भाव बोटीवर हाय. चुलतभाव दुबयला टॅक्सी चालवतो. त्यातल्या कोनी केलान ता सांगा, मी आत्ता त्याला फोन लावतो.”

“बघा, लगेच पर्सनल.”

“तुमी पर्सनल केलात. मी तर मागं बसलोय.”

मी म्हणाले की आता पंपावर थांबू या. ते माझ्या वेळापत्रकातही होतं, सव्वाआठला चहा. भाई उतरले, सगळ्यांसाठी करक, म्हणजे इथला दाट गोड चहा, घेऊन आले. पेले देताना त्यांनी साहेबांपुढेही एक धरला. साहेब म्हणाले, “आम्ही साखरेचा घेत नाही.” माझ्याच घरी ते तीन चमचे साखर घेतात. मी मोजून घालते. भाईंनी तो पेला गाडीच्या टपावर ठेवला आणि निघताना तसाच कचऱ्यात टाकला.

शेत चांगलं होतं. खजुराची आणि आंब्याची झाडं, पाण्याचा मोठा हौद, त्यात मुलं इंग्रजीत ओरडत होती. मी चटया घातल्या, मटण आणि शाकाहारी वेगवेगळं मांडलं, खेळांसाठी जोड्या लावल्या. साडेबाराच्या सुमारास भाई जुम्म्याच्या नमाजाला गावच्या मशिदीत गेले. ते गेले आणि साहेबांनी ग्रुपवर एक व्हिडिओ टाकला. त्याच देशाचा एक पुढारी व्यासपीठावरून बाहेरच्या लोकांना कीड म्हणत होता, खाली लोक टाळ्या पिटत होते. साहेबांनी वर लिहिलं होतं, “भाषा कडक आहे. पण ऐकण्यासारखं आहे.”

भाईंनी मशिदीतून बाहेर पडून, चपला घालता घालता फोन उघडला असणार, कारण नमाज सुटल्या सुटल्या त्यांचं उत्तर आलं. ते मला आजही शब्द न् शब्द आठवतं. “असल्या बोलण्याला टाळ्या मारणाऱ्यांच्या घरात एकदा गोळी शिरली पाहिजे, मग कळेल.”

मी ते वाचलं तेव्हा हातात भाताचा डाव होता. ग्रुपची अॅडमिन मी. ते वाक्य पुसायला मला दोन सेकंद लागले असते. मी मनात म्हटलं, आधी वाढून होऊ दे, मुलं भुकेली आहेत. वाढून झालं, ताक फिरवलं, मग आठवण झाली. पुसलं तेव्हा तास उलटून गेला होता. वाक्य वाईट होतं, त्याची सारवासारव मी करणार नाही. ज्याची मुलगी त्या देशात आहे त्या माणसाला ते कसं लागलं असेल, हे मला तिथंच कळलं. साहेब जेवले नाहीत. झाडाखाली पाठ करून बसले होते, बायको त्यांच्या खांद्यावर हात ठेवून होती. भाई त्यांच्याकडे जायला निघाले आणि अर्ध्या वाटेवरून परतले.

परतीच्या गाड्या मी बदलल्या. सकाळी करायचं ते संध्याकाळी केलं.

मंगळवारी भाईंच्या बायकोचा फोन आला. ती कधी फोन करत नाही, मेसेजही हिशेबाने तीन शब्दांचे. म्हणाली, “ताई, दुकानचा मंदूब आला व्हता. त्याच्या फोनात ह्यांनी ग्रुपवर लिवलेल्याचा फोटू हाय. कार्ड पुडच्या म्हयन्यात संपतंय. तो बोलला, पेपर मी थांबवलेत, अर्बाब ठरवील ता ठरवील.”

“नक्की काय आहे त्याच्या फोनात?”

“एकच वाक्य हाय. वरचा काय नाय, खालचा काय नाय. आनि खाली इंग्रजीत लिवलंय, धमकी दिली म्हून.”

इथे फोनवर लिहिलेली धमकी पोलीस हसण्यावारी नेत नाहीत. अर्बाबनी, म्हणजे दुकानाच्या मालकानं, कागद पुढे नेले नाहीत तर नवरा, बायको आणि दहावीतली मुलगी, तिघांनाही सामान बांधायचं. मुलीची परीक्षा तीन महिन्यांवर. भाईंना इथे एकोणीस वर्षं झालेली. मी फोन ठेवला आणि एकच प्रश्न स्वतःला विचारला. भांड्यांच्या दुकानाच्या मंदूबचा नंबर आमच्यातल्या कुणाकडे असणार? त्याचं दुकानाबाहेर कुणाशी काही काम नाही. तो नंबर एकाच ठिकाणी लिहिलेला होता, आणि तो मी लिहिला होता.

साहेबांच्या घरी मी न कळवता गेले. त्यांनी दार उघडलं, बसा म्हणाले, बायकोला चहा टाकायला सांगितलं. मी उभीच राहिले.

“नंबर कुठून मिळाला तुम्हाला?”

“तुमच्याच यादीतून,” ते म्हणाले. लपवायचा प्रयत्नसुद्धा केला नाही. “यादी असते कशाला? माहितीसाठीच ना?”

“कार्डं वेळेवर व्हावीत म्हणून.”

“मी त्यांच्या मालकाला माहिती दिली. पोलिसांत गेलो नाही, हे उपकार समजा. माझ्या मुलीचं नाव न घेता तिला गोळी घाला असं लिहिलंय त्या माणसानं.”

“तुमच्या मुलीचं त्यांच्या मनातही नसेल. त्याच्या वर तुमचा व्हिडिओ होता. तो का नाही पाठवलात?”

“तो पब्लिक आहे, कुणीही बघू शकतं. वहिनी, हा आपला देश नाही. इथे पाहुण्यासारखं राहायचं असतं. ज्याला ते जमत नाही त्यानं जावं. मी हेच तर म्हणत होतो.”

“तुम्हीपण पाहुणेच आहात.”

“मी कायदेशीर आहे.”

“तेही कायदेशीर आहेत.”

“आत्तापर्यंत,” साहेब म्हणाले.

स्वयंपाकघरात चहाच्या भांड्याचा आवाज थांबला होता. त्यांच्या बायको बाहेर आल्या नाहीत. मी म्हणाले, “मंदूबला फोन करून सांगा की तुमचा गैरसमज झाला.” ते म्हणाले, “त्यांनी आधी माझी माफी मागावी, ग्रुपवर, सगळ्यांसमोर. मग बघू.” मी चपला घालताना ते मागून म्हणाले, “तुम्ही तर वाक्य तासभर तिथेच ठेवलंत. तुम्हाला तरी कुठे एवढं वाईट वाटलं होतं?”

तासभर ठेवलं हे खरंच होतं. जिना उतरताना मला तो माणूस नकोसा झाला होता.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून अर्धी रजा घेतली. ग्रुपवरचं बुधवारपासून शुक्रवारपर्यंतचं सगळं बोलणं छापलं, प्रत्येक मेसेजला क्रमांक घातला, कोण लिहितंय ते बाजूला लिहिलं आणि हिंदीत अर्थ मांडला. पुसलेलं वाक्य आठवून जसंच्या तसं त्याच्या जागी घातलं. ते गाळलं असतं तर मीही साहेबांसारखीच ठरले असते. कागद फायलीत लावून मत्रहला गेले.

अर्बाब सत्तरीचे, पांढरा पायघोळ दिशदाशा, डोक्याला टोपी, बापाच्या वेळेपासून मुंबईशी व्यापार, त्यामुळे मुंबईछाप हिंदी बोलायचे आणि वाचायचेही. गल्ल्यामागे बसले होते. मंदूब बाजूच्या स्टुलावर. भाई आत गोदामात होते, बाहेर बोलावलं नव्हतं. काहवा, म्हणजे इथली कॉफी, आला, खजूर आले. अर्बाबनी फाइल सावकाश वाचली, मध्ये दोनदा चष्मा पुसला. मग म्हणाले, “गोली उधर चला. मरा वो लोग उधर. झगड़ा मेरी दुकान में कैसे आया?”

मी म्हणाले, “मेरी लिस्ट से आया.” आणि यादीचं सांगितलं.

त्यांनी मंदूबकडे बघितलं, मंदूबनं माझ्याकडे. “मेरे मंदूब का नंबर तुम तीस घर को दिया? मेरे से पूछा?”

“नहीं.”

“ये इंजिनिअर, ये तुम्हारा आदमी है?”

“नहीं,” मी म्हणाले. मग खरं ते म्हणाले, “हमारे मंडल का है.”

“और मेरा आदमी? वो भी तुम्हारे मंडल का है?”

“हाँ.”

“तो दो आदमी तुम्हारे. और फैसला मैं करूँ.” ते रागावलेले नव्हते, कंटाळलेले होते, आणि ते मला जास्त लागलं. त्यांनी आत हाक मारली. भाई आले, हात गोदामाच्या धुळीनं भरलेले. मला बघून त्यांनी मान खाली घातली. अर्बाबनी विचारलं, हे तू लिहिलंस? भाई म्हणाले, “लिखा, अर्बाब. गलत लिखा.”

“क्यों लिखा?”

“गुस्सा आया.”

“गुस्सा घर में रखने का,” अर्बाब म्हणाले. मग मंदूबशी अरबीत थोडं बोलले आणि निकाल दिला. कार्ड होईल. पण भाईंनी कागदावर लिहून द्यायचं की यापुढे कुठल्याही ग्रुपमध्ये राहणार नाही, काही लिहिणार नाही. पुन्हा काही आलं तर खलास. मंदूबनं तिथेच टाइप केलं, भाईंनी हात पुसून सही केली, आणि आमच्यासमोर फोन काढून एकेका ग्रुपमधून बाहेर पडले. मंडळाचा, त्यांच्या गावच्या मशिदीचा, मुलीच्या शाळेतल्या पालकांचा, भावांचा. भावांच्या ग्रुपवर बोट थोडं थांबलं. मंदूब म्हणाला, “यल्ला,” म्हणजे चल, आटप. मग तोही सोडला.

माझ्या फायलीनं त्यांचं कार्ड वाचलं असं माझे ओळखीचे म्हणतात. मला तसं वाटत नाही. एका माणसाला स्वतःच्या भावांशी बोलायची बंदी घातली गेली तेव्हा मी शेजारी खजूर हातात घेऊन बसले होते, आणि ज्यानं व्हिडिओ टाकला त्याला कुणी कागदावर काही लिहून द्यायला लावलं नाही. साहेबांनी त्या रात्री ग्रुपवर लिहिलं, “काही गोष्टी वेळेत थांबवलेल्या बऱ्या.” त्यावर अकरा अंगठे आले. ते अकरा जण कोण, हे मला आजही सांगता येईल.

मी लगेच शीट पुसली. ग्रुपवर लिहिलं की आपल्यातल्या एकानं यादीतला नंबर वापरून दुसऱ्याचं कार्ड अडवलं, म्हणून यादी बंद, आणि मीही मंडळातून बाहेर. दहा मिनिटांत उत्तरं आली. मग आता तारखांची आठवण कोण करणार? माझी पुढच्या महिन्यात आहे, तेवढी सांगाल का? निदान गणपतीपर्यंत तरी थांबा. कोणी, कुणाचं, कसं अडवलं, हे एकानंही विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती, सगळ्यांना माहीत होतं. मी ग्रुप सोडला तेव्हा फोन टेबलावर जरा जोरातच आपटला.

साहेबांच्या बायको एकदा सुपरमार्केटात भेटल्या. म्हणाल्या, “तुम्ही एकतर्फी बाजू घेतलीत. आमची पोरगी तिकडे रात्री दिवा लावून झोपते.” मी म्हणाले, “तिला म्हणावं, तिकडचे पुढारी जे बोलतात ते तिचे बाबा इकडे फॉरवर्ड करतात.” त्या ट्रॉली वळवून गेल्या. मला त्याचं वाईट वाटलं नाही. अजून वाटत नाही.

भाईंचं कार्ड झालं, मुलीची परीक्षा झाली. परीक्षा संपल्यावर मी मत्रहला गेले. पातेलं हवं होतं, पण त्यासाठी अल अमेरातहून तिथवर जायची गरज नव्हती. भाईंनी पातेलं दाखवलं, झाकण बसतं का ते बघितलं. मी म्हणाले, “भाई, मंडळ मी सोडलं. यादी पुसली. पण तुमच्या तिघांच्या नवीन तारखा मला सांगून ठेवा, फक्त माझ्या वहीत. दोन महिने आधी मी स्वतः येऊन सांगेन. फोन नाही, मेसेज नाही.”

ते पातेल्याला कागद गुंडाळत होते. हात थांबले नाहीत.

“नको ताई.”

“वही कुणाला दाखवत नाही मी.”

“तुमी दाखवशाल असा नाय म्हनत. तुमी वायट नाय. पर माजा सगला लिवलेला तुमच्याकडं व्हता, आनि ता वाचनारा दुसराच निघाला. आता लिवलेलाच नको कुठं.” त्यांनी सुतळी बांधली, गाठ दातानं ओढली. “कार्डाच्या मागं तारीख असती. मी बघतो रोज.”

मी दुसरं काही बोलले असते, पण एक गिऱ्हाईक आलं होतं, आणि भाईंनी पातेलं माझ्या हातात देऊन त्याला अरबीत विचारलं काय हवंय.